सातव्या प्लेटवरची रेघ

४ जानेवारी

"हात तुझा असेल केया, पण कारखाना माझा आहे." प्रद्योतदा हे बोलले त्याला तेवीस वर्षं झाली. तेव्हा मी हसले होते!

मूर्ती ओतताना वितळलेलं कांसं सांडून त्यांचा उजवा हात भाजला. प्रदर्शन तोंडावर. म्हणून 'सुकलेली कोपाई' हे छापचित्र जस्ताच्या प्लेटवर मी कोरलं. नदी माझी, वाळूत बसलेली बाई माझी. सही त्यांची. आज तेच चित्र त्यांचं म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. खरं काय ते आम्हा तिघांनाच माहीत — ते, मी आणि बौदी, त्यांच्या पत्नी.

६ जानेवारी

दादांनी बोलावलं. अर्धांगवायूनं जीभ जड झालीय, तरी हुकूम कळला. त्यांच्या सहीच्या चित्रांच्या अकराही प्लेटा रद्द करायच्या. ठरलेल्या प्रती निघाल्या की प्लेटवर आडवी रेघ मारायची, मागाहून कुणी छापू नये — आमची रीतच आहे. रेघ ज्याची त्यानं मारायची. त्यांचा हात चालत नाही, म्हणून मी.

धीर करून म्हटलं, "सातवीची, 'कोपाई'ची, एकच प्रत काढू द्या. माझ्या नावानं."

त्यांनी डोळे मिटले. बौदी म्हणाल्या, "आजारी माणसाला कोंडीत धरतेस होय गं?"

७ जानेवारी

सहा झाल्या.

८ जानेवारी

सातवी पुढ्यात घेऊन तासभर बसले. बौदींनी मुढीची, चुरमुऱ्यांची, वाटी आणून आदळली. "अगं, ओढ एकदाची! बकरं कापायचंय का तुला?"

दादा खाटेवरून बघत होते. ओढली. रेघ बाईच्या गळ्यावरून गेली. जस्त केवढ्यानं किंचाळलं!

का ओढली? दादांना नाही म्हणणं मला जमत नाही. अजूनही.

मग रीतीप्रमाणे रेघेसकट एक प्रत काढली — प्लेट मेल्याचा पुरावा. तिच्यावर कुणी सही करत नसतं. वाळत टाकली आणि आठवी घेतली.

११ जानेवारी

दादा गेले. बौदी रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, "तू तरी त्यांचं नाव सांभाळ." मी बौदींचे पाय चेपत बसले.

१३ जानेवारी

गळा कापलेल्या त्या प्रतीखाली पेन्सिलीनं लिहिलं — केया सरखेल. उद्या बौदींना विचारणार आहे : श्राद्धाच्या दिवशी हा कागद दादांच्या फोटोशेजारी लावू का?

नाहीच म्हणतील.