दिव्याशी लिहिलेली कार्डे

मी, शब्दकोश कार्यालयातला निवृत्त साहाय्यक, वय एकोणऐंशी, गुडघे गेलेले पण डोके ठिकाणावर, कोणाच्याही दडपणाखाली न येता माझी शेवटची इच्छा लिहून ठेवतो. मुलाला शंका येईल, म्हणून डॉक्टरांना साक्षीला बसवले आहे.

१. राहते घर 'स्वकष्टार्जित' आहे, असे वकिलांनी लिहायला लावले. ते मी माझ्या दिवंगत थोरल्या भावाच्या पत्नीस, म्हणजे वहिनींना, पूर्ण मालकीने देतो. "काकूला वृद्धाश्रमात बरं पडेल," असे मुलगा माझ्या तोंडावर म्हणाला आहे. त्याला बँकेतली ठेव मिळेल. घराकडे त्याने डोळा ठेवू नये.

२. कारण सांगतो. इंग्रजी-मराठी कोशातल्या एकेका शब्दाला एकेक कार्ड; प्रत्येक कार्डावर लिहिणाऱ्याने कोपऱ्यात आपली आद्याक्षरे घालायची, अशी आमची पद्धत. मी गठ्ठा घरी आणून दिव्याशी बसे आणि पेंगे. वहिनी भांडी आवरून समोर येऊन बसत. माझ्याच जुन्या पुस्तकांवर त्या शिकल्या होत्या. एकदा 'ल्युक्युब्रेशन' हा शब्द आला. 'रात्री जागून केलेला अभ्यास' एवढे खरडून मी मोकळा झालो. वहिनींनी लॅटिनचा कोश उघडला.

"भाऊजी, मुळात दिव्याच्या उजेडात काम करणं असं आहे. प्रकाशाच्या शब्दाशी नातं आहे त्याचं. तुम्ही दिवाच गाळलात."

"रात्र म्हटली की दिवा आलाच."

"आपोआप येतो होय? आणि हे बघा, पुढे लोक बोजड, पांडित्य मिरवणाऱ्या लिखाणालाही चेष्टेनं हेच म्हणायला लागले."

त्यांनी कार्ड नव्याने लिहिले. खाली आद्याक्षरे मी माझी घातली. संपादकांनी ते कार्ड सगळ्यांना दाखवले, "असं लिहावं." मी मान खाली घालून उभा राहिलो; लोकांना तो विनय वाटला. त्यावर बढती मिळाली, बढतीवर कर्ज, कर्जावर हे घर. पुढची एकोणीस वर्षे निम्मी कार्डे वहिनींचीच होती. एका शब्दाने त्या कधी बोलल्या नाहीत. मी त्यांचा फार ऋणी आहे, आणि हे त्यांच्यासमोर म्हणायची माझी छाती झाली नाही.

३. त्या कार्डांची यादी सोबत जोडली आहे. कार्यालयाने त्यांवरची माझी आद्याक्षरे खोडून वहिनींची घालावीत. वहिनी नको म्हणतील. या एका बाबतीत त्यांचे ऐकू नये.

साक्षीदार: डॉक्टर (सही), शेजारचे घड्याळजी (सही)
लिहून देणार: वहिनींचा धाकटा दीर (सही)
राहत्या घरी, सात जानेवारी, सकाळी.