एकशे अठरा नंबरचे पंधरा दिवस

८ सप्टेंबर, सोमवार
डायरी नववा महिना लागल्यावर उघडतोय, याबद्दल माफी. जानेवारीत बियाण्याच्या दुकानातून मिळाली तेव्हा रोज एक पान लिहायचं ठरवलं होतं. कामं निघाली. कोणती, ते आता आठवत नाही.

तशी माफीची वेळ बरी साधली. आज क्षमावाणी, आम्हा जैनांचा वर्षभराच्या चुकांची क्षमा मागायचा दिवस. सकाळी मोबाईलवरून त्रेसष्ट जणांना एकदम क्षमा मागितली. बायकोला, गुणमालेला, समोर बसवून मागितली. जाणता-अजाणता दुखावलं असेल तर वगैरे. ती म्हणाली, कशाबद्दल म्हनायचं ही? म्हटलं, सगळ्याबद्दलच. ती शेंगा सोलत राहिली. झालं. मन हलकं.

दुपारी चार वाजता अबोलीचा फोन. मन पुन्हा जड.

११ सप्टेंबर
नीट लिहून काढतो, म्हणजे विचार करता येईल. शाळा सातवीपर्यंतच, पण अक्षर चांगलं आहे.

गेल्या दिवाळीनंतर मिरजेला गुणमालेच्या मेंदूतली गाठ काढली. आता ठीक आहे, गोळ्या चालू आहेत. तेव्हा साताऱ्याच्या एका संशोधन केंद्रातली ही अबोली दवाखान्यात आली होती. गाठीचा तुकडा पेशींच्या आतपर्यंत तपासून माहिती ठेवू का, विचारत होती. एका दवाखान्यात असे पेशंट थोडेच, म्हणून सगळीकडची माहिती एका डेटाबेसमध्ये जमवतात आणि कुठल्याही देशातले डॉक्टर ती बघून औषध शोधतात. मला लगेच समजलं. हळदीच्या सौद्यात असंच. प्रत्येक पोत्यातली मूठभर हळद टेबलावर. कुणीही यावं, मोडून बघावं.

गुणमाला म्हणाली, काढून टाकलेलीच गाठ हाय, कुनाच्या तरी उपेगी पडू दे. तिनं सही केली. याला ती तिचं दान म्हणते. नाव लावत नाहीत, फक्त नंबर. एकशे अठरा. देवळातल्या पाटीवर दात्याचं नाव असतं तसं इथेही पाहिजे, म्हणून मी भांडलो होतो. आता वाटतं, लावलं नाही तेच बरं.

कारण अबोली म्हणते, एकशे अठराचा मेळ बसत नाही. तपासणी सांगते, गाठ हळू वाढणारी, जुनी. आणि ‘त्रास कधीपासून’ या रकान्यात लिहिलंय पंधरा दिवस. परदेशातल्या एका संशोधक बाईनं हे पकडलं. तीस तारखेपर्यंत खात्री झाली नाही तर एकशे अठरा यादीबाहेर.

पंधरा दिवस मी सांगितले होते.

१२ सप्टेंबर
पंधरा दिवस अगदीच खोटं नाही. प्रॉपर त्रास पंधराच दिवस. त्याआधी नुसतं डोकं दुखणं. आणि बोलता बोलता मधेच थबकून बघत राहणं. आणि हातातून भांडं सुटणं. मी म्हणायचो, चष्म्याचा नंबर वाढला. मग म्हणायचो पित्त. मग उपवास. असे चौदा महिने. बामच्या आठ-नऊ बाटल्या संपल्या असतील.

पण मोठे डॉक्टर सगळ्यांसमोर विचारतात, आजोबा, त्रास कधीपासून? तेव्हा तोंडातून पंधरा दिवस निघून गेलं. चाळीस वर्षं मार्केट यार्डात तोलाईदार होतो मी. या पायगोंडाच्या काट्यावर कुणी शंका घेतली नाही. आकडा एकदा सांगितला की सांगितला, ही सवय.

ठराव: उद्या दहा वाजता अबोलीला फोन. खरं ते सांगायचं.

१३ सप्टेंबर
दहा वाजता रेंज नव्हती. अकराला आली, पण ती त्यांच्या कामाची वेळ. उगाच डिस्टर्ब नको.

१५ सप्टेंबर
अबोलीचाच फोन. आजोबा, पंधरा दिवस नक्की ना? म्हटलं, नक्की. आणि वर, कुणी विचारलं नसताना, म्हणालो की तुमच्या लॅबमध्ये तुकड्यांची अदलाबदल झाली असेल. पोत्यांची होते, तुकड्यांची का नाही? ती बारीक आवाजात म्हणाली, बघते.

हे मी का बोललो? रात्रीचं जेवण गेलं नाही. शिरा केला होता, तेवढा खाल्ला.

१८ सप्टेंबर
फोनवर माणूस दिसत नाही, म्हणून खोटं बोलवतं. समोरासमोर सांगायचं ठरवलं. सकाळच्या एसटीनं साताऱ्याला गेलो. जुन्या व्यापाऱ्याला भेटायला जातो, असं गुणमालेला सांगितलं. हे एक आणखी.

स्टँडवर उतरून आधी कंदी पेढे घेतले. रिकाम्या हाती जाऊन वाईट बातमी कशी द्यायची?

केंद्र म्हणजे दोन खोल्या. अबोली कॉम्प्युटरपुढे. लॅबमधल्या सुलाबाई भिंग घेऊन एकेका डबीवरचा नंबर वाचत होत्या. अबोली म्हणाली, आजोबा, तुम्ही शंका काढलीत म्हणून दोनशे चाळीस नमुन्यांची लेबलं पुन्हा तपासतोय. आज तिसरा दिवस. सुलाबाई म्हणाल्या, “आवं आजोबा, इतक्या वर्सांत माज्याकडनं एक डबी इकडची तिकडं झाली न्हाई. आता तुमच्यामुळं माजाच मला भरवसा वाटंना झालाय.” हसून म्हणाल्या. डोळे लाल होते. बहुतेक भिंगामुळे.

पेढे दिले. चहा घेतला. सांगणारच होतो, पण डायरेक्ट सांगली गाडी चुकली असती.

गाडी पाऊण तास उशिरा आली.

२३ सप्टेंबर
भाऊसोला कृष्णेच्या घाटावर गाठलं. यार्डात माझ्या काट्यावर हमाल होता. म्हटलं, माझ्या ओळखीचा एक माणूस आहे, त्यानं असं असं केलं. भाऊसोनं विचारलं, कुटला म्हनायचा? म्हटलं, तिकडचा, कवठे महांकाळचा. म्हणाला, लय भित्रा हाय गड्या. म्हटलं, तो भित्रा नाही, परिस्थिती तशी होती. म्हणाला, आन बायकू कशी हाय त्याची? म्हटलं, आता बरी आहे. तर उठून धोतर झटकत म्हणाला, मग गुणमालावैनींस्नी माजा नमस्कार सांग.

भाऊसोचा स्वभाव पहिल्यापासून संशयी.

२७ सप्टेंबर
गुणमालेनं विचारलं, आवं, अबोलीचा काय फोन? माझं एकशे अठरा पोचलं का न्हाई? म्हटलं, प्रोसेसमध्ये आहे. थोड्या वेळानं शेजारच्या हरणाबाईंना सांगत होती, माझी गाठ आता कुटल्या कुटल्या देशांत बघत्यात, एखाद्या पोरीचं आयुष्य वाढंल. हरणाबाई म्हणाल्या, तुजं नाव तरी हाय का त्यावर? ही म्हणाली, नाव कशाला पायजे?

मी मोरीत जाऊन नळ सोडून बसलो. बाहेर ऐकू येऊ नये म्हणून.

३० सप्टेंबर
शेवटची तारीख. दहाला फोन करायचा पक्का ठराव. दहाला दळण आणायचं निघालं. अकराला दाढी केली, असं काही बोलायचं तर माणूस नीट दिसावा. बाराला त्यांची जेवायची वेळ झाली असेल. दोनला डोळा लागला.

सव्वापाचला तिचाच फोन. सगळे नमुने बरोबर निघाले. अदलाबदल नाही. सुलाबाईंचं काही चुकलेलं नाही. पण मग मेळ बसत नाही, म्हणून एकशे अठरा वगळलं. म्हणाली, आजोबा, वाईट वाटून घेऊ नका, यात तुमची काही चूक नाही. मी थँक्यू म्हणालो. थँक्यू!

मला कमी ऐकू येतं म्हणून फोन नेहमी स्पीकरवर असतो. गुणमाला दारात उभी होती.

१ ऑक्टोबर
गुणमालेनं दोन वेळा चहा दिला, दोन्ही वेळा साखर बरोबर. त्यापेक्षा भांडली असती तर बरं झालं असतं.

२ ऑक्टोबर
सकाळी ती केस विंचरत होती. ऑपरेशनच्या जागेवरून फणी अलगद फिरवते. समोर बसलो आणि म्हणालो, पंधरा दिवस मी खोटं सांगितलं. चौदा महिने होते.

म्हणाली, ठावं हाय. मी शेजारीच बसले होते की.

म्हटलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, एवढ्या लोकांत तुमाला खोटं कसं पाडू? अबोलीनं मागनं मला बी विचारलं हुतं. मी बी पंधराच म्हनाले.

मग फणी खाली ठेवली. म्हणाली, आन चौदा बी न्हाईत. वीस हायेत. पैलं सा म्हैनं मी तुमाला कळूच दिलं न्हाई. तुमी घाबरता. मग माजं ऱ्हातं बाजूला, तुमालाच धरून बसाय लागतं.

म्हणजे जे खरं सांगायला तीन आठवडे धीर गोळा करत होतो, तेही खरं नव्हतं. वेळेवर सांगितलं असतं तरी चुकीचंच सांगितलं असतं.

तिनं एकेक प्रसंग सांगितला. देवळाच्या पायरीवर हात बधिर झाला तो दिवस. मोरीत पडली, आणि दार लागलं म्हणून मला सांगितलं तो. मी लिहून घेतले. चार पानं झाली. यातल्या बऱ्याच वेळी मी घरातच होतो. पानांचे फोटो काढून अबोलीला पाठवले. खाली जो मेसेज लिहिला तो इथे उतरवून ठेवतो.

अबोलीताई, जयजिनेंद्र. पंधरा दिवस मी खोटं सांगितलं होतं. डॉक्टरांपुढे लाज वाटली म्हणून. खरे वीस महिने आहेत, गुणमालेनं सांगितलेले. सुलाबाईंना सांगा की अदलाबदलीचं मी उगाच बोललो. त्यांना तोंड दाखवायची मला हिंमत नाही. एकशे अठरा परत घेता येईल का? यावर्षी नाही तर पुढच्या. ते तिचं आहे, माझं नाही. आणखी काही विचारायचं असेल तर मला विचारू नका, तिला विचारा. ती फोनपाशी बसून आहे. होय-नाही काय असेल ते लवकर कळवा.