आधी लहान कडवं

गुरुजी, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली. अकोल्याच्या घरी, दुपारच्या चहानंतर, तुम्ही दिलेलं सातवीचं कवितांचं पुस्तक समोर ठेवून लिहितो आहे. दोन वर्षं मी ते वाचलं नव्हतं, कारण त्यात बिलं होती.

निवृत्त झाल्यावर मी स्वतःच्या कवितांचं पुस्तक छापलं, क्रेडिट कार्डावर. बहुतेक प्रती अजून दिवाणाखाली आहेत. कार्डाचे काही हप्ते भरायला पतसंस्थेचं कर्ज काढलं, ते फेडताना किराण्याची उधारी वाढली, लाइट बिल राहिलं. आलेला प्रत्येक कागद मी न वाचता तुमच्या या पुस्तकात सरकवत गेलो. कवितेशेजारी तो जरा सौम्य वाटायचा. शेवटी लाइनमन कनेक्शन कापायला दारात उभा राहिला, तेव्हा बायकोला कळलं. तिने आपल्या डब्यातले पैसे काढून ते बिल भरलं आणि पुस्तक टेबलावर उलटं धरून झटकलं. कागदांचा ढीग पडला. "कविता तुमच्या, अन् हप्ते कोनाचे? मले सांगाले काय झालं होतं?" आवाज चढला नव्हता, पण पुढचे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

त्या ढिगासमोर बसलो आणि एकदम अमरावतीच्या आपल्या वर्गात पोचलो. लांबलचक कविता, मी मधेच अडकून उभा आहे, पोरं हसताहेत. तुम्ही खडू खाली ठेवता. "अबे, समदी कविता एकदम काहून गिळून राहिला? सगळ्यात लहान कडवं पयले पाठ कर. मंग त्याच्याहून मोठं." आणि आपली प्रत माझ्या हातात देता, "घरी ने, वाचून आन."

तिसऱ्या दिवशी हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मंग तुमचं लहान कडवं किराण्याचं हाय." दोघांनी मिळून कागद लहान-मोठे लावले. बाकीचे हप्ते चुकवायचे नाहीत, पण वरचा प्रत्येक रुपया किराण्याला. पेन्शन आली की त्याच दिवशी बिलं, उरेल त्यात घर. टीव्हीची चॅनेलं कमी केली, फोनचा महागडा प्लॅन सोडला. तिसऱ्या महिन्यात दुकानदाराने वहीतलं माझं नाव लाल शाईने खोडलं, तेव्हा मी रस्त्याने कविता म्हणत घरी आलो. पुढे पतसंस्थेचं कर्जही फिटलं. आता कार्डाचे सहाच हप्ते उरलेत. लाइट बिल मी तिला चालीत वाचून दाखवतो. ती म्हणते, "पुरे झालं, आकडा सांगा," आणि हसते.

पुस्तक आता रिकामं आहे. हे पत्र त्यातच ठेवीन, कारण धाडायला पत्ता नाही. सातवीचं वर्ष संपताना तुम्ही पुस्तक परत मागितलं, मी हरवलं म्हणालो, आणि तुम्ही स्वतःच्या पैशांनी दुसरं घेतलंत. गुरुजी, ते तेव्हा माझ्या दप्तरातच होतं.