भांडून लावलेली मिरची

आत्याबाई,

तुमचा लेक मला विसरला. आधी हेच लिहिते, म्हणजे पुढचं लिहायला धीर येईल. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या फोटोवरचा हारसुद्धा आता प्लास्टिकचा आहे, आणि तुम्ही होतात तेव्हाही तुम्हाला वाचता येत नव्हतं. मी माहेरी पत्र लिहायला बसले की तुम्ही म्हणायचात, "कागदाले काऊन सांगतं व? तोंडानं सांग." आता तोंडानं सांगायला घरात कोणी नाही. म्हणजे आहेत, हे आहेत, पलीकडच्या खोलीत खुर्चीवर बसून खिडकीतून नालवाडीचा रस्ता बघत असतात. पण सांगितलेलं त्यांच्याजवळ राहत नाही.

सुरुवात किल्ल्यांपासून झाली. मग चष्मा, मग जेवलो की नाही ते. गेल्या उन्हाळ्यात एकटेच पवनारला गेले, बसनं बरोबर परत आले, आणि चौकात उतरल्यावर घरच सापडेना. शेजारच्यांनी हाताला धरून आणून सोडलं. मी दार उघडलं, तर मला हात जोडून म्हणाले, "नमस्कार. आई हाय का घरात?" वर्ध्याच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं की अशा माणसाचं नवं आधी पुसलं जातं, जुनं सगळ्यात शेवटी. मी शहाण्यासारखी मान हलवली आणि ऑटोत बसल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे तुम्ही राहणार आणि मी जाणार! जन्मभर डबा मी भरला, आजारपणं मी काढली, आणि शेवटाला शिल्लक कोण, तर आत्याबाई. राग आला मला तुमचा. मेलेल्या माणसाचा मत्सर करू नये म्हणतात. म्हणोत बापडे.

मग मला मिरची आठवली. तुमच्या घरची ती रीत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. आंजीच्या शेतात, विहिरीजवळच्या वाफ्यात मिरचीचं बी टाकायचं ते भांडत. मुक्यानं लावलेली मिरची फिक्की होते, म्हणून. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, माझ्या शाळेला सुट्टी लागल्यावर, तुम्ही मला वाफ्याशी बसवलंत, चिमूटभर बी हातात दिलंत आणि एकदम सुटलात, "शायेत पोरं शिकवतं अन् घरात भात करपवतं! झाडू मारतं का अंगन कुरवायतं?" माझ्या हातून बी सांडलं, डोळ्यांत टचकन पाणी आलं. तुम्ही थांबलात. "रडतं काऊन माय? हे मिरचीचं भांडन हाय. आता तू बोल. सुनेनं आजच्या दिस सासूले काईबी बोलाव, कोनी मनात धराचं नाई." मी सांडलेलं बी वेचत बसले. बोलायचं शिकवलेलंच नव्हतं कोणी. त्या वर्षीची मिरची खरंच फिक्की निघाली, आणि तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटलात की आमची सून गरीब गाय आहे.

दुसऱ्या वर्षी मी तयारीनं बसले. साठलंही होतं. लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा यांनी मला अंगणातून नावानं हाक मारली होती, आणि तुम्ही हातातलं ताट खाली ठेवून यांना सगळ्यांदेखत झापलं होतंत, "बायकोले नावानं बलावतं? लाज नाई वाटत?" तेव्हापासून मी 'अवो' झाले. ते मी त्या दिवशी काढलं. तुमचीच बोली वापरली, म्हटलं, "माह्या मायबापानं नाव ठेवलं हाय मले! तुमच्या घरात रातदिस 'अवो, अवो'. मी काय गोठ्यातली गाय हाओ?" हे विहिरीवर पाणी ओढत होते. तिथून यांनी माझं नाव घेऊन अशी आरोळी ठोकली की बांधावरची ढोरं वळून पाहायला लागली. मी घाबरून तुमच्याकडे बघते, तर तुम्ही पदर तोंडाला लावून हसत आहात. "मार, मार हाक. आजच्या दिस माफ." त्या वर्षीच्या ठेच्यानं पाहुण्यांच्या नाकातून पाणी काढलं. आणि मला वर्षातून एकदा, मिरचीच्या दिवशी, माझं नाव मिळायला लागलं.

तुम्ही जायच्या आधी बियांची पुरचुंडी माझ्या हातात ठेवलीत. मोठ्या जाऊबाई समोर बसल्या होत्या, त्यांच्याकडे बोट करून म्हणालात, "हे मुकी हाय. तुयी जीभ चालते. तुया हातची तिखट होईन." जन्मात एवढंच एक कौतुक केलंत माझं, तेही असं. पण मी ते जपलं. नालवाडीच्या घरी गच्चीवर, कुंड्यांमध्ये, दरसाल ती मिरची लावली, आणि तुमच्या जागी यांना बसवून भांडले. घोरण्यावरून, टॉवेलावरून, यांच्या बहिणीवरून. भांडता भांडता यांच्या तोंडी माझं नाव यायचं, मग दोघंही हसायचो आणि चहा व्हायचा. बाकी वर्षभर 'अवो'च. तुम्ही नव्हतात, अडवायला कोणी नव्हतं, तरी यांची जीभ वळायची नाही. तुमचा धाक, दुसरं काय!

मागच्या उन्हाळ्यात दवाखान्याच्या फेऱ्यांमध्ये बी पडलंच नाही. आंजीला भाऊजी आता रोपवाटिकेतून तयार रोपं आणतात, तुमची मिरची तिथं उरलेली नाही. माझ्या डब्यात राखेत ठेवलेल्या थोड्या वाळक्या मिरच्या होत्या, तेवढाच तिचा शेवटचा वंश. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बी टिकलंही असतं, पण हे? तोवर यांना मिरचीची रीत तरी आठवेल का? म्हणून ऐन डिसेंबरच्या थंडीत मी घरातच बी लावायला काढलं. शेजारीण म्हणाली, "थंडीत कुठं मिरची निघते का वो ताई?" मी म्हटलं, बघू. तिला काय सांगू, मला मिरची नकोच होती. मला भांडण हवं होतं. त्यात माझं नाव हवं होतं.

बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवलं, ओल्या फडक्यात बांधून ऊब मिळावी म्हणून फ्रीजच्या मागे ठेवलं. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांना तापलेल्या सुईनं भोकं पाडली. सकाळी स्वयंपाकघरात वर्तमानपत्र अंथरलं, यांना स्वेटर-टोपी घालून समोर बसवलं आणि पहिलं बी हातात घेऊन सुरू झाले, "काय वो, बसून राह्यता नुसते! तुमच्या घोरण्यानं भिंतीचे पोपडे पडून राह्यले!" नेहमीचंच वाक्य होतं. यावर ते म्हणायचे, तुझ्या बोलण्यानं तर छत पडलं, आणि पुढे माझं नाव. मी वाट बघत राहिले. हे हळूहळू मागे सरकले, भिंतीला टेकले आणि म्हणाले, "बाई, मायं काई चुकलं का? मी जातो घरी. माई आई वाट पाहून राह्यली." आत्याबाई, 'बाई' म्हणाले मला. अनोळखी बाईला म्हणावं तसं, अदबीनं. मी बाकीचं बी मुक्यानंच लावलं.

तरी ते निघालं हो! मान वाकवून, डोक्यावर बियांची टरफलं घेऊन कोंब वर आले आणि यांना वेड लागलं त्यांचं. डबे मी खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात ठेवले होते. हे उठले की आधी तिथं. "आईची मिरची हाय," मला, म्हणजे त्या बाईला, सांगायचे. आणि पाणी घालायचे. पाणी घातलं हे विसरून पुन्हा घालायचे. मी ग्लास लपवला, तर न्हाणीतला मग आणला. तो लपवला, तर देवासमोरचा तांब्या. थंडीत मातीतली ओल हलत नाही, तुम्हाला काय सांगायचं. मी समजावलं, चिठ्ठी लावली, शेवटी दोन रोपं उचलून निजायच्या खोलीत कपाटावर, उजेडात ठेवली. बाकी डब्यांजवळ कायम पहारा कोण देणार? एका सकाळी उठून बघते तर सगळी आडवी. देठ बुडाशी नासून, माना टाकून पडलेली. आणि हे तांब्या घेऊन उभे, पुन्हा घालायला.

मग मी भांडले. रीत म्हणून नाही, खरंखुरं. "मारलं ना सारं! एक गोष्ट ठेवली नाई माही! घर खाल्लं, डोकं खाल्लं, आता मिरचीबी खाल्ली!" असं आणि याहून वाईट. इथे लिहीत नाही. तांब्या हिसकावला तर पाणी यांच्याच अंगावर सांडलं. हे निघून गेले. मी स्वयंपाकघरात ओट्याखाली फरशीवर बसले, दाराकडे पाठ करून. थंडी वाजत होती म्हणून गोधडी डोक्यावरून घेतलेली होती. तुमच्याच हिरव्या लुगड्याची ती, तुमचे दिवस-वार झाल्यावर शिवलेली. त्यात तोंड खुपसून रडले.

"आई व," मागून आवाज आला. "मिरची मेली का?"

मी वळले नाही. वळले असते तर त्यांना ती बाई दिसली असती.

"नाई रे बाबू," मी म्हणाले. तुमच्यासारखं, नाकात. "दोन हायेत अजून."

"थे बाई लय रागावली मायावर."

"रागावू दे. मिरची तिखट होईन."

हे हसले. किती महिन्यांनी हसले! आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, "कोन हाय रे थे बाई? नाव काय तिचं?" मग हे माझ्या पाठीशी उकिडवे बसले आणि अगदी कानाशी येऊन म्हणाले, "सांगू? तू रागावशीन."

"नाई रागावत. आज मिरचीचा दिस हाय. माफ."

आणि त्यांनी माझं नाव सांगितलं.

हे कुणालाच सांगितलेलं नाही. लेकीला फोनवर सांगणार होते, पण ती म्हणेल, आई, हे बरं नाही, तू त्यांना फसवतेस. फसवतेच आहे. तुमची जागा घेऊन, तुमच्या आवाजात, तुमच्याच लेकाकडून माझं नाव काढून घेते, आणि मागे वळून 'ओ' द्यायची मात्र सोय नाही. तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात, ते विचारायचं होतं म्हणून एवढं लिहिलं. हा कागद कुठे टाकायचा नाही, तुमच्या फोटोमागेही ठेवायचा नाही. दोन्ही रोपं जगलीत. एकाला कळी आहे, धरेल की गळेल माहीत नाही. नाव त्यानंतर दोनदा ऐकलं, मग नुसतं हसणं, आणि परवा म्हणाले, "कोनती बाई?"

आता थंडी गेली, आत्याबाई. दुपारी पंखा लावावा लागतो. शेजारीण विचारते, उन्हाळ्यात गोधडी काऊन वो ताई, आणि मी म्हणते, अंगात कसर आहे. तरी रोज सकाळी ती डोक्यावरून घेऊन, दाराकडे पाठ करून, मी ओट्याखाली बसते.