बर्फात नव्हे, बर्फाशेजारी

यावल, रविवार, २४ मे १९९२

तीर्थरूप सुगंधाअक्कांना उज्ज्वलाचा वाकून नमस्कार. धुळ्याच्या उन्हाने तुमचे गुडघे तरी मोकळे केले असतील अशी आशा करते. (मागच्या पत्रात तुम्ही उजव्या गुडघ्याचं लिहिलं, डाव्याचं काहीच नाही. तो बरा आहे असं धरू का?)

आधी चूक दुरुस्त करते, मग खुशाली. आबांचं नवं इंजेक्शन बर्फात ठेवतात असं मी तुम्हाला लिहिलं होतं. बर्फात नव्हे, बर्फाशेजारी. ते गार राहिलं पाहिजे, पण गोठता कामा नये. गोठलं की वाया गेलं. तुम्ही गल्लीत कुणाला सांगितलं असेल तर कृपा करून पुन्हा जाऊन नीट सांगून या. शाळेत घालायच्या आधी आबा मला ओसरीवर केळीचे घड मोजायला बसवत, आणि मोजणी चुकली तर ज्याला चुकीचा आकडा सांगितला त्याच्याच घरी जाऊन खरा सांगून यायला लावत. तुमच्या भावाने लावलेली सवय आहे, मला बोलू नका.

ते इंजेक्शन कशाचं, हेही नीट लिहायचं राहिलं. किडन्या रक्त गाळतात एवढंच आपल्याला ठाऊक होतं. पण नवं रक्त तयार करा, असा निरोपही हाडांना त्याच पाठवतात. आबांच्या दोन्ही किडन्या बसल्या तेव्हा गाळायचं काम जळगावच्या मशीनने उचललं, पण निरोप कोण पाठवणार? म्हणून आठवड्यातून दोनदा मशीनवर जाऊनही आबा पांढरेफटक पडत चालले होते आणि दुसऱ्याचं रक्त चढवावं लागत होतं. आता तोच निरोप प्रयोगशाळेत तयार करून बाटलीत भरून मिळतो. (हे मी डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. शेवटी ते खुर्चीवरून उठून म्हणाले, "या, तुम्हीच बसा इथे.")

तर मंगळवारी मी पुढच्या महिन्याच्या बाटल्या आणायला जळगावला गेले. औषधवाल्याने थर्मासमध्ये खाली बर्फ, वर कापूस आणि कापसावर बाटल्या अशी रचना करून दिली. मी दुकानाच्या पायऱ्या उतरले तेव्हा मागून ओरडला, "आणि हो, हलवायचं नाही बरं का!" अक्का, तुम्ही यावलच्या एस.टी.त बसलेल्या आहात. त्या गाडीत माणसाचा भांग जागेवर राहत नाही. मी थर्मास दोन्ही हातांनी हवेत अधांतरी धरला, म्हणजे धक्के माझ्या कोपरांत जिरतील असा हिशेब. लोकांना वाटलं, मी कुठल्या देवाची आरती करते आहे.

शेजारी पारोळ्याच्या बेबाबाई होत्या, यावलला लेकीकडे निघालेल्या. त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि विचारलं, "काय शे व त्यामा? च्या शे का?" हो म्हणून सुटता आलं असतं, पण चहा नव्हता ना. मी हाडांपासून निरोपापर्यंत सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे पोस्टमन मरी गया, आनि तुमी तार करी ऱ्हायनात." (मला वरती अख्खा परिच्छेद लागला ते पाहा.) एवढ्यावर थांबल्या असत्या तर बरं होतं. पण त्या उभ्या राहून ड्रायव्हरवर ओरडल्या, "ओ भाऊ, गाडी हळू चालाड! पोरीना बापनं रगत शे त्यामा!"

रक्त नाही, रक्ताचा निरोप, असं मी उभी राहून सगळ्यांना सांगितलं. तोवर पुढच्या सीटवरचे गृहस्थ पिशवी उचलून मागे गेले होते. ड्रायव्हरने मात्र गाडी अशी चालवली की एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला आणि वळून हसला.

तापीच्या पुलाच्या अलीकडे उन्हाने टायर फुटला. सगळे खाली उतरले आणि मी थर्मास उघडून पाहिला, तर बर्फाचं पाणी झालेलं. अक्का, मला तिथेच रडू आलं. माझं रडू पाहून कंडक्टर समोरच्या रसवंतीकडे धावला आणि उपरण्यात बर्फाचा गोळा बांधून आला. तो गोळा तो थेट बाटल्यांवर ठेवणार तेवढ्यात मी किंचाळले, "बर्फात नाही, शेजारी!" मग काय, साऱ्या गाडीने ते पाठच केलं. कुणी स्वतःच्या पागोट्याची घडी मध्ये घातली, कुणी छत्री धरली. पुढच्या थांब्यावर चढणाऱ्या प्रत्येकाला कंडक्टर तिकिटाआधी सांगत होता, "बर्फात नाही, शेजारी." त्या बिचाऱ्यांना वाटलं एस.टी.चा नवा नियम आला.

यावलला बेबाबाई लेकीकडे न जाता आधी माझ्याबरोबर निघाल्या. एवढं ज्याच्यासाठी केलं तो बाप त्यांना पाहायचा होता. आणि आजारी माणसाकडे रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून त्यांनी स्टँडवर डझनभर केळी घेतली! केळीच्या बागायतदाराकडे, यावलमध्ये, आणि तेही केळं बंद असलेल्या माणसाला. (किडनी बंद असली की केळ्यातलं पोटॅशियम बाहेर पडत नाही, हृदयावर जातं. शहाळ्याचंही तेच. म्हणून भेटायला येणारे नेमकं हेच दोन आणतात.)

आबांनी यावर तोड काढली आहे, ती तुम्हाला कळवायची राहिली. जो केळी आणतो त्याने त्यांच्यासमोर बसून ती खायची आणि आबांना हकीकत सांगायची. शेजारचे चिंधाभाऊ तर आता रोज येतात. आबा विचारतात, "कशी हे रे चिंधा? साखर उतरली का?" आणि ते डोळे मिटून, "आबा, अजून सांगता येत नाही," म्हणत पुढचं सोलतात. बेबाबाईंनाही बसवलं. अर्धं केळं खाऊन त्या म्हणाल्या, "गोड शे, पन तुमना डोयासमोर गळाखाले उतरत नही." आबा इतके हसले की आई चुलीवरची भाकरी टाकून बाहेर आली. दिवाळीपासून या घरात तसं हसणं ऐकलं नव्हतं.

इंजेक्शनचा गुण म्हणाल तर दोन महिन्यांत आबांच्या ओठांना रंग आला आहे, जिना चढतात, आणि काल काठी न घेता बागेत जाऊन पाणी सोडणाऱ्यावर ओरडून आले. तो माणूस आनंदाने घरी सांगायला आला, "आबा मला शिव्या देऊन राहिले!" इकडे असं सगळं छान चाललं आहे.

तुमची,
उज्ज्वला

ता. क. : "सगळं छान" यात एक चूक आहे. रक्त वाढलं, किडन्या नाही. मशीन सुटलेलं नाही, आणि डॉक्टर म्हणतात, किडनी बसवायची तर तब्येत सुधारली आहे तोवर बसवा. शरीराने परकी किडनी टाकू नये म्हणून आता चांगलं औषध निघालं आहे. आईचा रक्तगट वेगळा, तुम्ही "माझी घ्या" म्हणालात पण तुमच्या साखरेमुळे डॉक्टर नको म्हणाले. शुक्रवारी माझा रिपोर्ट आला. माझी जुळते.

दुसरा ता. क. : आबा नाही म्हणतात. म्हणे, "आता जिना चढतो ना मी! पोरीला कापून काय करायचं?" मी जीव मुठीत धरून आणलेली बाटली माझ्याच आड येते आहे. वर म्हणतात, एका किडनीच्या पोरीला कोण करेल? (उरलेली किडनी दोघींचं काम अंगावर घेते, हे सांगून थकले.) चाळीसगावच्या स्थळाला मी स्वतःच कळवून टाकलं, नंतर कळून गैरसमज नको. मुलाचं उत्तर आलं : हरकत नाही, फक्त तुम्ही पत्रं एवढीच लांब लिहिता का?

तिसरा ता. क. : अक्का, आबांनी जन्मात एकाच माणसाचं ऐकलं आहे. गुडघे कसेही असोत, या. येताना केळी आणू नका, नाहीतर खात बसावं लागेल. तुम्ही आलात तर आबांना घेऊन, नाही आलात तर एकटी, पण मुंबईच्या दवाखान्यात मी जाऊन झोपणार. देणारी तिथे आणि घेणारा यावलला, हे त्यांना किती दिवस बघवतं ते पाहू. दिवस ठरला आहे, आणि या वेळी नीट तपासून लिहिते : सोमवार, १५ जून.