रुपीबाईचा ढावलो आणि माझे इंग्रजी शब्द

दिग्रस, १८ ऑगस्ट १९६१

तीर्थस्वरूप सौ. विमलताई हिचे चरणी धाकट्या वामनाचा साष्टांग नमस्कार. आम्ही सर्व खुशाल. तुझी कंबर कशी आहे? सदाशिवराव भाऊजींचा जंगलातला ताप उतरला का? (तुझ्या कार्डावर नेहमीप्रमाणे 'सर्व ठीक' एवढंच होतं. त्यावरून कंबरेचं काही कळत नाही.)

पत्रास कारण आमच्या शाळेतली हंसा. जवळच्या बंजारा तांड्यावरची. त्या तांड्यावरून इंग्रजी शाळेत आलेली पहिली मुलगी, आणि डोकं असं की मला रात्री धडा वाचून जावं लागतं. तर उन्हाळ्यात मोटारवाल्यांनी तांड्याचा थांबाच काढून टाकला. शाळा पाच मैल, मधे नाला. तिच्या बापानं, किसनसिंगानं, साफ सांगितलं, "थांबा नसंन तं पोरगी घरी." तिची आई रुपीबाई मात्र दुसऱ्या दिवशी माझ्या ओट्यावर येऊन बसली. यवतमाळच्या मोटार-कचेरीतले नवे साहेब दक्षिणेकडचे, त्यांना मराठी येत नाही, तेव्हा अर्ज इंग्रजीत पाहिजे, आणि इंग्रजी म्हणजे वामन मास्तर.

ताई, तुला माझा स्वभाव माहीत आहे. अर्ज लिहायचा सोडून मी तिला नाराजीचे इंग्रजी शब्दच समजावून सांगू लागलो. ग्रंबल म्हणजे तोंडातल्या तोंडात पुटपुटणं, कंप्लेंट म्हणजे रीतसर तक्रार, ग्रीव्हन्स म्हणजे मनात मुरलेलं गाऱ्हाणं, प्रोटेस्ट म्हणजे उभं राहून नाही म्हणणं. बाईनं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मास्तर, याच्यातला रडून सांगाचा शबद कोन्ता?" इंग्रजीत ते काम कोरडंच करतात, असं मी सांगितलं. तिला इंग्रजांची कीव आल्यासारखी दिसली.

पहिल्या अर्जात कंप्लेंट घातली. उत्तर आलं, कंप्लेंट कोणाविरुद्ध, ड्रायव्हरचं नाव कळवा. (ड्रायव्हर बिचारा देवमाणूस. त्याचं नाव द्यायला रुपीबाई तयार होईना.) दुसऱ्यांदा ग्रीव्हन्स. त्यावर कारकुनानं कळवलं की हा शब्द फक्त नोकरांसाठी आहे, प्रवाशांना तो लागू नाही. तिसऱ्या खेपेला मी नमतं घेतलं आणि फार गोड भाषेत लिहिलं की थांब्याबद्दल तांड्याला रिग्रेट वाटतो. म्हणायची होती हळहळ, पण त्याचा अर्थ झाला पश्चात्ताप! साहेबांचं आभाराचं पत्र आलं. तांड्याची चूक तांड्याला कळली याचा त्यांना आनंद झाला होता, आणि फाईल बंद.

मग रुपीबाई म्हणाली, "चाला, आता मी सांगतो."

यवतमाळला साहेबांच्या खोलीत शिरताच तिनं ओढणी तोंडावर घेतली, जमिनीवर बैठक मारली आणि ढावलो सुरू केला. ढावलो म्हणजे त्यांच्यातली नवरी सासरी निघताना जे रडत गाते ते. पण ते नुसतं रडणं नव्हे. याडीवरचा (आईला ते याडी म्हणतात) राग वेगळ्या सुरात, बापावरचा वेगळ्या, भावावरचा आणखी वेगळा. तिनं साहेबांना भावाच्या सुरात धरलं. भिया, तुझी मोटार माझ्या दारावरून जाते, माझ्या लेकीला बघते आणि तोंड फिरवते! मी आपले चार शब्द घेऊन कोपऱ्यात उभा. काय बाई आहे ही! एका हुंदक्यात तक्रार, गाऱ्हाणं, रुसवा, हक्क, आणि सगळ्याच्या खाली माया. वीस वर्षं इंग्रजी शिकवतो आहे, पण अशी भाषा मला आली नाही.

साहेब घाबरून उभे. मला विचारतात, "हू इज डेड?"

मी म्हटलं, "सर, द बस स्टॉप."

मग सगळा अर्थ सांगितला. बाई तुम्हाला भाऊ मानते आणि त्याच नात्यानं रागावली आहे, हेही सांगितलं. साहेबांनी चष्मा पुसला आणि बंद केलेली फाईल पुन्हा मागवली. थांबा मंजूर झाला. फाईलवर विषय काय लिहावा यावर आम्ही दोघांनी डोकं खाजवलं, शेवटी त्यांनी इंग्रजी अक्षरांत 'ढावलो' लिहिलं. आता कारकून विचारतो आहे की या प्रकारासाठी निराळं रजिस्टर घालायचं का. हंसा सोमवारपासून शाळेत आहे.

तुझा,
वामन

ता. क. – परतीच्या मोटारीत रुपीबाईनं विचारलं, "मास्तर, तुमची बहीन तुमच्यावर कवा रडली का?" मी मोठ्या अभिमानानं सांगितलं, माझ्या ताईची माझ्याबद्दल कधीच काही तक्रार नाही. ती म्हणाली, "मंग तिनं तुमाले परकं केलं असंन." मग मला आठवलं. चौथीत तू तालुक्यात पहिली आलीस. बाबांनी तुला घरी बसवलं आणि तुझी पाटी मला दिली. माझं सगळं इंग्रजी त्या पाटीवरचं आहे, ताई, आणि तू तेव्हाही 'ठीक' म्हणालीस.

आणखी एक – सोबत पत्ता लिहिलेलं पाकीट आणि चार कोरे कागद आहेत. इंग्रजीतला, मराठीतला, कुठलाही शब्द वापर, पण चारही भर. ऱ्हस्वदीर्घ तपासणार नाही.