‘नंतर’ नावाचं फोल्डर

४ एप्रिल २०१६, सोमवार
टँकर ऑफिसात माझ्या टेबलावर नवा कॉम्प्युटर आला. विंडोज नाही, लिनक्स आहे. आमचा अकाउंटंट हिमांशू म्हणाला, फुकट मिळतं म्हणून मालकांनी बसवलं. मी म्हणालो, जाणकार लोक लिनक्सच वापरतात.
बावीस गावांच्या टँकरच्या मागण्या आता इमेलने येणार. चार्ज माझ्याकडे. बाकीचे ब्राउझरमध्ये मेल बघतात. तो पोरखेळ. मी प्रॉपर मेल प्रोग्रॅम बसवणार.
संकल्प १: पाडव्याच्या आत सेटिंग पूर्ण. संकल्प २: चिडायचं नाही. मुळात माझा स्वभाव शांत.

५ एप्रिल
पहिला प्रोग्रॅम, मट. काळा स्क्रीन, माउस चालत नाही. दोन तास आत अडकलो, बाहेर पडायचं बटण सापडेना. कीबोर्डवर बुक्की मारली. एकच. दोन बटणं उडाली, त्यातलं एक हिमांशूच्या चहात. प्रोग्रॅम माझ्या कामाचा नाही.

६ एप्रिल, रात्री
दुसरा, इव्होल्यूशन. सर्व्हरचं नाव बरोबर, पोर्ट नंबर बरोबर, तरी पासवर्ड चुकीचा म्हणे. अकरा वेळा. बाराव्या वेळी कॉम्प्युटरच्या डब्याला लाथ घातली. अंगठा काळानिळा. मग दिसलं, कॅप्स लॉक सुरू होतं. हे कुणाला सांगितलेलं नाही.
घरी चारुता हळद लावताना म्हणाली, ‘ब्राउझरमध्ये दिसतं ना सगळं? मग?’ मी समजावत होतो तेव्हा तिने अंगठा फार जोरात दाबला. बायकोला टेक्निकल गोष्टी सांगू नयेत.

७ एप्रिल
टँकर ड्रायव्हर बिभीषण फाटक्या शर्टाने आला. करमाडच्या पुढच्या वस्तीवर पाइप कोणी धरायचा यावरून मारामारी, हा मध्ये सापडला. ‘काका, लोक लई पेटल्यात,’ म्हणाला. मी सेटिंगमध्ये होतो. नंतर बोलू म्हणालो.

९ एप्रिल, शनिवार
पाडवा झाला, पण एक दिवस इकडेतिकडे चालतो. थंडरबर्ड बसवलं, पहिल्या फटक्यात. सेटिंग असं केलं की मेल माझ्याकडे उतरली की सर्व्हरवरून पुसली जाते. ब्राउझरवाल्यांची लुडबूड बंद.
आणि एकदम एकसष्ट मेल. प्रत्येकीला टिंग. प्रत्येकीत ‘अर्जंट’. डोक्यात घण पडल्यासारखं झालं. माउस भिरकावला तो हिमांशूच्या कानाला लागला. रक्त थोडंच आलं. त्याने विनाकारण तमाशा केला.
उपाय केला. फिल्टर. ज्या मेलमध्ये ‘अर्जंट’ किंवा ‘टंचाई’ असेल ती आपोआप ‘नंतर’ नावाच्या फोल्डरमध्ये, न वाजता. आलेल्या एकसष्टही तिकडेच ढकलल्या. सोमवारी निवांत बघणार.

११ एप्रिल, सोमवार
इनबॉक्स रिकामा. इतकी शांतता या ऑफिसात कधी नव्हती. ‘नंतर’ उद्या बघतो. अंगठा ठणकतोय.

१२ एप्रिल
मालकांनी विचारलं, गावांच्या मागण्या किती? इनबॉक्स उघडून दाखवला. शून्य. खूश झाले. सहा टँकर जालना रोडवरच्या नव्या टॉवरच्या बांधकामाला दिले. शहर वाढतंय, त्यांनाही पाणी लागतंच. माझ्या सिस्टिममुळे नियोजन सोपं झालं, असं ते मला म्हणाले नाहीत, पण चेहऱ्यावर होतं.

१५ एप्रिल
बिभीषणच्या गाडीची काच फोडली. टँकर टॉवरकडे निघालेला, वस्तीवाल्यांनी रस्त्यात अडवला. कपाळाला चार टाके. म्हणाला, ‘सहा दिस झाले, वस्तीला थेंब नाय. काल एका हंड्यापायी दोन बायांनी एकमेकींची डोकी फोडली.’ मी म्हणालो, मागणीच नाही रे त्यांची. तो पट्टीखालून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मार डोक्याला लागल्यामुळे असेल.

१९ एप्रिल
वस्तीवरून बानाबाई नावाची धनगर म्हातारी आली. हातात मेंढरं हाकायची काठी. उभ्यानेच बोलली. अकरा मेंढरं गेली. भांडणात सून शालूचा उजवा हात मोडला. ‘ग्रामसेवकानं पाच बार चिठ्ठी धाडली म्हनतो. तुमी वाचता का नाय?’
मी शांतपणे इनबॉक्स दाखवला. म्हणालो, आजी, इथं काहीच आलेलं नाही. तुमचा ग्रामसेवक खोटं बोलतो. तिला वाचता येत नाही, पण रिकामं म्हणजे रिकामं. तिने काठी टेबलावर आपटली. काच तडकली. मग गेली. पटलं असावं.

२० एप्रिल
बिभीषण सांगत आला की वस्तीवाल्यांनी ग्रामसेवकाला चावडीत कोंडून मारला. खोटं बोललास म्हणून. दोन दात पडले. जेवण गेलं नाही. ‘नंतर’ उघडायला हात नेला, तेवढ्यात मालकांनी बोलावलं.

२१ एप्रिल. डाव्या हाताने लिहितोय. घाटी दवाखान्यातून.
सकाळी साडेअकराला दोन ट्रॅक्टर भरून माणसं आली. दगडांनी खिडक्या गेल्या. हिमांशू मागच्या भिंतीवरून पळाला. मालक आलेच नव्हते. मी जागेवरून हललो नाही.
बानाबाई पुढे. शेजारी सून, हात गळ्यात बांधलेला. मी म्हणालो, मेल दाखवतो, मग बोला. इनबॉक्स रिकामा दाखवला. कुणीतरी स्क्रीनकडे बोट करून ओरडलं, डाव्या बाजूला काय आहे? मी म्हणालो, तेही बघा. आणि ‘नंतर’ मीच उघडलं. का उघडलं ते आत्ताही सांगता येत नाही. तिथंही फार काही नसेल असं मला खरंच वाटत होतं.
दोनशे चौदा. एकही वाचलेली नव्हती.
शालू दहावी शिकलेली. ती मोठ्याने वाचायला लागली. ‘वस्तीवर टँकर नाही, दिवस तिसरा. दिवस पाचवा. बायकांत मारामारी, एकीचा हात मोडला, कृपया तातडीने.’ तो हात तिचाच होता. वाचताना तिचा आवाज एकदाही चढला नाही. पाचवी मेल संपली तेव्हा दगडवाल्यांचे हात खाली आले होते. मागून एकजण म्हणाला, ‘ग्रामसेवकाला फुकट मारलं रं आपण.’
बानाबाईने कानाखाली मारली. खुर्चीसकट आडवा झालो. मग बाकीचे आले. मी हात मध्ये घातला, त्यावर कॉम्प्युटरचा डबा पडला. हाड मोडल्याचा आवाज मी आधी प्लास्टिकचा समजलो.

२६ एप्रिल
बिभीषण भेटायला आला. वस्तीला रोज दोन खेपा सुरू झाल्या. मागण्या हिमांशू फोनवर घेतो, वहीत लिहितो. माझ्याबद्दल कोण काय बोलतं, विचारलं. ‘काय नाय काका. टँकर आला की कोन कुनाचं नाव काढतंय.’

२ मे, सोमवार
प्लास्टर दाखवायला घाटीत गेलो. बाकावर शेजारी शालू येऊन बसली. दोघांचेही उजवे हात गळ्यात. फिल्टर म्हणजे काय, हेतू काय होता, चूक नेमकी कुठं झाली, असे चार मुद्दे मी आठ दिवसांपासून तयार ठेवले होते. घसा खाकरला.
ती म्हणाली, ‘लई दुखतंय का?’
हो म्हणालो.
‘झोपताना हाताखाली उशी घ्या. पहिले पंधरा दिस लई जड जातात.’
मग तिचा नंबर पुकारला. मुद्दे तसेच राहिले. घरी आलो. हाताखाली उशी घेतली.